माझ्या उजेडात वाढलेला झेंडू

मित्रांनो, रोपांना उजेड देणारा मी एक जुना दिवा आहे. सध्या माझी वायर माझ्याभोवती गुंडाळलेली आहे आणि गळ्यात जपानी अक्षरांची चिठ्ठी बांधलेली आहे. मी ज्या फळीवर पडून आहे त्या खोलीला खिडकी नाही. माझ्या उजेडात काय वाढले, ते आज सांगतो. खरे तर हे आधीच सांगायला हवे होते. पण दिव्याला तेव्हा बोलता कुठे येत होते?

समुद्राजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी टोकियोतल्या हिगाशी-कसाईला, सुचेताच्या घरी आलो. तिची तुळस थंडीने काळवंडत चालली होती. तिने मला तुळशीवर टांगले आणि आठवड्यात नवी पाने फुटली. "दिवा कसला, सूर्य आहे हा आमचा!" असे ती शेजारणींना सांगायची. तिच्या छोट्या ओवीने माझ्या पाठीवर हसऱ्या चेहऱ्याचे स्टिकर चिकटवले. दोन हिवाळे मी त्या कौतुकात काढले.

मग एका उन्हाळ्यात सगळे महिनाभर पुण्याला गेले आणि तुळस वाळली. मला भिंतीतल्या खोल कपाटात, अगदी वरच्या फळीवर टाकण्यात आले. तिथे मी धूळ खात राहिलो. तेव्हा मला वाईट वाटायचे. आता वाटते, ते दिवस किती बरे होते!

ऑगस्टमधल्या एका दुपारी ओवीचे वडील अंबरीष यांनी मला खाली काढले. घरात दुसरे कोणी नव्हते. नव्या प्रोजेक्टच्या ताणाने त्यांची झोप उडाली होती, डोळे खोल गेले होते. कोणा ओळखीच्याने त्यांना तीन बिया दिल्या होत्या. त्या गांजाच्या होत्या. ही जात ऋतू पाहत नाही, उजेडाचे तास पाहत नाही. वय झाले की आपोआप फुलते, असे त्यांनी फोनवर वाचले होते. त्यांनी आयुष्यात कधी रोप लावले नव्हते. दोन बिया त्यांनी पाणी घालून घालून कुजवल्या. तिसरी उगवली. मला त्यांनी इतके जवळ टांगले की कोवळ्या पानांची टोके करपली. "सॉरी, सॉरी," असे पुटपुटत त्यांनी मला हातभर वर घेतले. पुन्हा कामाला लागलो, म्हणून मला तर अभिमानच वाटला. कपाटाचे दार का लावून घेतात, हा प्रश्न मला पडलाच नाही.

एकदा दाराच्या फटीतून उजेड येताना सुचेताने पाहिला.

"हे काय रे?"

"झेंडू. दसऱ्याला घरचा."

"तू आणि झाड? कॅक्टस वाळवून दाखवलायस तू!" ती हसली. "बघू या, येतो का."

"दार उघडू नका हं. खत आहे आत, ओवी हात लावेल."

मित्रांनो, त्या देशात असे एक रोप लावले तरी तुरुंग असतो. अंबरीष यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांचा व्हिसा, ओवीची शाळा, ते घर, सगळे त्या दिवसापासून माझ्याच खिळ्याला लटकले होते.

सप्टेंबरच्या दहा तारखेला पुण्याहून अंबरीष यांचे वडील आले. विश्वनाथ आजोबांनी तीस वर्षे शाळेचे ग्रंथालय सांभाळले होते. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे त्यांची गादी माझ्या कपाटासमोरच पडली. बंद कपाटात रोप, हे त्यांना सहन होईना. ते दार उघडून बसायचे, रोपाशी बोलायचे आणि वहीत बारीक अक्षरात टिपायचे. एकदा त्यांनी लिहिले, 'पाने झेंडूची वाटत नाहीत. वास उग्र.' मग त्यांनी मुलाला विचारले.

"अंबरीष, याचा वास जरा निराळाच येतो रे."

"जपानी जात आहे, बाबा."

"असेल, असेल. मला काय कळतंय म्हणा."

आणि त्यांनी ती ओळ खोडरबराने पुसून टाकली.

सप्टेंबर सरता सरता रोपाला फुले आली. ती केशरी नव्हती. हिरव्या गुच्छांतून पांढरे केस फुटले होते. "रंग कधी भरणार याला?" असे आजोबा विचारत राहिले. "तुम्ही तिकडे लक्ष नका देऊ, बाबा," असे अंबरीष नजर चुकवून म्हणत राहिले.

दसरा उजाडला. अंबरीष आणि सुचेता कामावर गेले होते. तोरण करून दोघांना चकित करावे, म्हणून आजोबांनी स्टेशनजवळच्या दुकानातून झेंडू आणला. पण आंब्याची पाने कुठून आणणार? त्यांनी माझे कपाट उघडले. "तुझी फुलं राहिली, निदान पानं तरी दे बाळा," असे म्हणत त्यांनी कात्री उचलली. विकतच्या झेंडूच्या देठाला एक पान होते. ते त्यांनी रोपाच्या पानाशेजारी धरून पाहिले. बराच वेळ पाहिले. "जपानी जात," असे स्वतःशीच म्हणून त्यांनी नऊ पाने कापली.

तोरण बाहेरच्या दारावर लागले. दारे उघडी होती, त्यामुळे मला सरळ दिसत होते. इमारतीची देखभाल करणारे ओनो-सान व्हरांडा झाडत आले आणि थबकले. त्यांनी एका पानाला बोट लावले, बोट नाकाशी नेले. मग आजोबांना नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला आणि जिन्याने खाली गेले. त्यांचा झाडू तिथेच राहिला. आजोबांनी तो भिंतीला नीट टेकवून ठेवला.

थोड्या वेळाने ओवी शाळेतून आली.

"आजोबा, हे पान कोबानमध्ये आहे!"

"कुठे?"

"पोलिसांची चौकी असते ना, तिथे पोस्टरवर. खाली लिहिलंय, दामे! म्हणजे असं करायचं नाही."

"हेच पान? नक्की?"

"हेच."

आजोबांनी दारावरच्या पानांकडे पुन्हा पाहिले. या वेळी 'मला काय कळतंय' असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी तोरण काढले आणि मुलाला फोन केला. अंबरीष आणि सुचेता धापा टाकतच घरी पोचले.

"बाबा, दारावर लावलंत?"

"तू झेंडू म्हणालास."

सुचेता कपाटासमोर उभी होती. "ओवीच्या शाळेचं काय होणार? एकदा तरी मनात आलं का रे तुझ्या?"

"उपटतो. आत्ताच उपटतो."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात चार माणसे होती. त्यांच्यामागे, खाली पाहत, ओनो-सान. अनोळखी माणसासमोर आजोबांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पण ते सगळ्यांच्या पुढे झाले आणि ओवीने शिकवलेले दोन शब्द स्पष्ट बोलले, "वाताशी नो." माझे आहे.

एकाने त्यांचा पासपोर्ट मागितला. शिक्क्यावरची तारीख पाहिली. मग वाकून ते फुललेले रोप पाहिले, नंतर मला, आणि मग अंबरीष यांच्याकडे पाहिले. वयावर फुलणाऱ्या रोपाला वय लपवता येत नाही. आजोबांना येऊन तीनच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात ते एवढे होत नाही.

"बाबा, तुम्ही बसा," अंबरीष म्हणाले आणि बूट घालू लागले. नाडी त्यांना बांधता येईना. सुचेता वाकली नाही. शेवटी आजोबांनी खाली बसून ती बांधली.

मलाही पोलिसांनी त्याच दिवशी उतरवले आणि पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून इथे आणले. पुढचे मला माहीत नाही.

मित्रांनो, कशावर उजेड पाडायचा हे दिव्याच्या हातात नसते. पण दार तुम्हाला उघडता येते. घरात बंद दाराच्या फटीतून उजेड येत असेल, तर आपल्या माणसाला जवळ बसवून विचारा. त्याला झोप का येत नाही, तेही विचारा. आणि डोळ्यांना जे नीट दिसले, ते खोडरबराने पुसू नका.

ओवीने लावलेले स्टिकर अजून माझ्या पाठीवर आहे. या अंधारात ते हसतच असेल.