दारांची डावी बाजू

तिसऱ्यांदा डाग उठले तेव्हा ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठिणगी हे नाव बाबांनीच ठेवलेलं, आणि ते किती योग्य आहे हे ती रोज सिद्ध करत असे. कारखाना बाबांचा, पण दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं हे काम पहिल्यांदाच तिच्या भरवशावर आलेलं. उद्या सकाळी बाई चार दारं न्यायला येणार, आणि दारांवर तर मांजराच्या पाठीसारखे चट्टे!

पाइनचं लाकूड मऊ आणि भारी हावरट. रंग नुसताच लावला तर इथे घटाघटा पितं, तिथे तोंडही लावत नाही. म्हणून आधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा पातळ हात मारायचा, सुकल्यावर हलकंच घासायचं, आणि मग स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, फडक्याने पुसत न्यायचा. सीलर बाबांचा, स्टेन तिचा, अशी वाटणी होती. चाळीस वर्षांत बाबांनी सीलरचा ब्रश दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता.

पहिल्या खेपेला तिने दोष स्टेनला दिला. दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावले आणि नवा डबा आणला. दुसऱ्या खेपेला लाकडाला शिव्या घातल्या. दोन्ही वेळा खांदे भरून येईपर्यंत दारं घासून कोरी केली, बाबांनी पुन्हा सीलर मारला, तिने पुन्हा स्टेन लावला, आणि ये रे माझ्या मागल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा स्टुलावरून म्हणाले. "फडकं दाबून फिरवतेस तू. हात हलका ठेव, किती वेळा सांगायचं?"

"हलकाच आहे माझा हात! तुमचा सीलर बघा आधी."

"माझ्या सीलरला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय."

तिला रडूच यायचं बाकी होतं. निदान टेबल तरी मोकळं करावं म्हणून तिने दारं उचलून भिंतीला लावली. प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर बाबा पेन्सिलीने फुली मारत, आणि सीलर मारताना फुलीची कड नेहमी आपल्यापासून लांब ठेवत. स्टेन लावताना ठिणगी दारं हवी तशी फिरवायची. आता मात्र सवयीने तिने चारही फुल्या वर केल्या आणि दोन पावलं मागे सरली.

चारही दारांवर काळपट पट्टा एकाच बाजूला होता. डावीकडे, वीतभर रुंद, वरपासून खालपर्यंत. तिथे सीलर पोचलाच नव्हता.

गेल्या महिन्यात बाबांच्या डाव्या हाताशी ठेवलेला कप सांडला होता. त्यांचा डावा खांदा सारखा चौकटीवर आपटायचा. "बघून चालत जा ना जरा," असं तीच खेकसली होती.

"आण ते फडकं," बाबा म्हणाले. "हलका हात कसा असतो ते दाखवतो."

ती फडकं घेऊन पाय न वाजवता त्यांच्या डावीकडे गेली आणि काही न बोलता ते पुढे धरलं. बाबा समोर बघत उजवा हात पसरून बसले होते.

"अगं, गेलीस कुठे? फडकं दे म्हटलं ना."

फडकं त्यांच्या डाव्या हातापासून वीतभर होतं. तिला इतका राग आला की डोळेच भरून आले. त्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

"किती दिवस झाले, बाबा?"

आवाजाच्या रोखाने बाबांनी सगळी मान वळवली, तेव्हा कुठे त्यांना फडकं दिसलं. मग भिंतीशी लावलेली दारं दिसली. मान आणखी वळवून त्यांनी एकेका दारावरचा डावा पट्टा पाहिला.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"आणि रोज त्या करवतीच्या मशीनवर बसता?"

"करवत उजवीकडे आहे," बाबा म्हणाले.

तिने जाऊन मशीनचा प्लग उपटला. "उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक शब्द बोलू नका."

"आणि दारं? बाईंना काय सांगणार?"

ठिणगीने फोन कानाला लावलाच होता. "बाई, दारांना अजून चार दिवस लागतील," ती म्हणाली. "नाही हो, लाकूड चांगलं आहे. सीलरही व्यवस्थित बसला होता. माझाच हात जड पडला."