आफ्रिकेतले नऊ दिवस

उत्तम सोमकुवरला पक्कं व्हायला नऊ दिवस कमी होते.

वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की रोजंदारीवाल्याचं नाव पक्क्या नोकरीच्या यादीत जातं, हा नियम सौंसरच्या सर्व्हे ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होता. म्हणूनच कुणाची हजेरी दोनशे पस्तीस-छत्तीसच्या पुढे जात नसे. कधी जीप बिघडायची, कधी साहेबांचे सासरे आजारी पडायचे आणि काम बंद. अकरा वर्षं उत्तम दगडांच्या सर्व्हेत मोजणीची साखळी ओढत होता. अकरा वर्षांत चार साहेब बदलले, पण सासरे सगळ्यांचेच नाजूक निघाले.

१९८९ साल मात्र चांगलं चाललं होतं. वीस डिसेंबरच्या दुपारी दोनशे एकतीस हजेऱ्या भरल्या होत्या आणि वर्ष संपायला अकरा दिवस होते. बायको कमल कधी नव्हे ती कॅलेंडरकडे बघून हसायची.

त्याच वर्षी ऑफिसात यंत्र आलं होतं. काळं, विटेएवढं, वर जाडसर अँटेना. पराडकर साहेब परदेशात ट्रेनिंगला गेले होते, तिथून ते मांडीवर घेऊन आले. मोकळ्या जागी हातात धरून उभं राहिलं की ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर कुठं आहोत ते आकड्यांत सांगायचं. उत्तमच्या गावात, सावरगावात, याचं फारसं कौतुक झालं नाही. आपण सावरगावात आहोत हे तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. शिवाय उपग्रह दिवसातून चार-पाच तासच डोक्यावर यायचे, बाकी वेळ यंत्र हातात धरून नुसतं उभं राहायचं. तिगाव स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

यंत्राच्या डब्यावर 'वॉटरप्रूफ' असं छापलं होतं. ते वाचून पराडकर साहेबांनी ऑफिसच्या कागदावर दाखला दिला की, पाण्याचा या यंत्रावर कोणताही परिणाम होत नाही. खाली सही, तारीख आणि गोल शिक्का.

यंत्रानं हजेरीची पद्धतही बदलली. रोजंदारीवाले कडुलिंबाखाली झोपून हजेरी लावतात, अशी कुणीतरी भोपाळच्या हेड ऑफिसला तक्रार केली होती. तेव्हा साहेबांनी ठरवलं की रोज दुपारी बारा वाजता कामाच्या जागेवर यंत्राचे आकडे वहीत उतरवायचे. आकडे पांढुर्णा-सौंसरच्या हद्दीत पडले तर हजेरी, नाही तर नाही.

वीस तारखेला बाराचे आकडे घेतले आणि साहेब नागपूरला निघाले. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पण या वेळी साहेबांनी काम बंद केलं नाही.

"यंत्र तुझ्याजवळ ठेव," ते म्हणाले. "रोज बारा वाजता आकडे घ्यायचे. जे दिसेल ते लिहायचं. डोकं चालवायचं नाही."

"ते तं आजपावतर कोणी चालवू देल्लंच नाही जी," उत्तम म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी देवीदासच्या संत्र्याच्या बागेतून येताना तो घसरला. बागेत ओलीत चालू होतं. यंत्र वाफ्यातल्या काळ्या चिखलात पडलं आणि बाहेर काढलं तेव्हा गुळाच्या ढेपेसारखं दिसत होतं.

साखळी ओढणाऱ्यांची एक रीत होती. कामाचं सामान चिखल लागलेलं घरी न्यायचं नाही. साखळी असो की दांडा, संध्याकाळी जाम नदीच्या काठावर राखेनं घासून लखलखीत करायचा. उत्तमला हे पहिल्या मुकादमानं शिकवलं होतं आणि त्यानं अकरा वर्षं ते मोडलं नव्हतं. त्यानं राख आणली, नारळाची शेंडी आणली आणि यंत्राचं एकेक बटण घासलं. मग घोटाभर पाण्यात बसून ते तीन वेळा बुडवून काढलं. पलीकडे सुशीलाकाकू गोधडी धूत होती.

"काय रे, रेडिओ धुऊन राहिला काय?"

"रेडिओ नाही काकू. याले पाण्यानं काही होत नाही. शिक्का हाय."

दुसऱ्या दिवशी बाराला काचेच्या आत धुकं होतं. आकडे दिसत होते, पण रेखांशाच्या जागी जिथं रोज अठ्ठ्याहत्तर यायचे तिथं अठरा आले. इंग्रजी सातच्या डोक्यावरची आडवी काडी गेली होती. उरला होता एक.

उत्तमनं यंत्र झटकलं, उन्हात धरलं, शर्टानं पुसलं. काडी आली नाही. त्यानं वहीत अठरा लिहिले आणि घरी येऊन कमलला सगळं सांगितलं.

कमलनं वेचणीच्या कापसातून रुई काढून ठेवली होती. तिनं यंत्र त्यात पुरलं. "रुई पाणी ओढते," ती म्हणाली. रुईनं पाणी ओढलं. दोन दिवसांत धुकं गेलं. आता काच स्वच्छ झाल्यामुळे काडी नाही हे जास्तच चांगलं दिसू लागलं.

"तुम्ही सात लिवून टाका ना," कमल म्हणाली. "वीस तारखेपावतर सातच होता."

"दिसंल ते लिवा म्हणले साहेब."

"मंग आपण सावरगावात हावो हे नाही दिसत का तुमाले?"

"मले दिसते. पण माह्या दिसण्यावर शिक्का नाही."

कमल रुई निवडत बसली. "साहेबाले बिघडलं म्हणून सांगून तं पाहा."

"कोणी बिघडवलं विचारतीन. नऊ दिवस भरू दे. एखाद्या आकड्यानं काय होते."

नऊ दिवस तो इमानदारीनं बागाबागांतून हिंडला, दगडांचे नमुने घेतले, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि बाराच्या ठोक्याला नऊ वेळा अठरा लिहिले.

तीस तारखेला तो वही आणि यंत्र घेऊन बसनं सौंसरला गेला. हेडक्लार्क रघुनाथरावांसमोर वही ठेवली. रघुनाथरावांनी नातीचा शाळेचा नकाशा मागवून घेतला होता. नवीन पद्धत आल्यापासून ते प्रत्येक आकडा नकाशावर बोटानं शोधून बघत. वीस डिसेंबरपर्यंत बोट पांढुर्ण्यावर होतं. एकवीसला ते उचललं गेलं, अरबी समुद्रावरून गेलं आणि बरंच पुढे जाऊन एका पिवळ्या जागेत टेकलं.

"उत्तम," ते म्हणाले, "तू आफ्रिकेत काय करून राहिला होता?"

"कुठं जी?"

"सहारा वाळवंट. नऊ दिवस."

"मी तं देवीदासच्या बागेत होतो बाबूजी. नमुने पाहा ना. पिशव्या हायेत."

रघुनाथरावांनी पिशवीतला दगड बघितला. "आफ्रिकेतही दगड असतात."

आता खरं सांगण्याशिवाय मार्ग नव्हता. नोकरी गेली तरी चालेल, पण खोटेपणा नको, असं त्यानं बसमध्येच ठरवलं होतं. "यंत्र मी धुतलं बाबूजी. जामच्या पाण्यात, राख लावून. आत पाणी गेलं अन् सातचा एक झाला. चूक माही हाय. लिवून देतो."

रघुनाथरावांनी कपाटातून दाखला काढला आणि त्याच्यासमोर धरला. "वाच."

उत्तमनं वाचलं. पाण्याचा या यंत्रावर कोणताही परिणाम होत नाही.

"आता बोल. तू धुतलं म्हणतो म्हणून बिघडलं, की कागदावर लिहिलंय म्हणून नाही बिघडलं? तुझं मानलं तर साहेब खोटे. अन् खोटा जबाब देल्ला म्हणून मी तुझ्यावर वेगळी केस करू काय?"

एवढ्यात पराडकर साहेब आले. सासऱ्यांना आता लांबचं स्वच्छ दिसू लागलं होतं आणि साहेब खुशीत होते. दोघांनी त्यांना सांगितलं. साहेबांची खुशी उतरली. तिघं यंत्र घेऊन ऑफिसच्या अंगणात आले. उपग्रह यायला वीस मिनिटं लागली. मग आकडे आले. अठरा.

साहेबांनी अंगणाकडे बघितलं. तिथं ऑफिसची सायकल होती, माठ होता, आणि फाटकाबाहेर एक माणूस फुटाणे विकत होता.

"म्हणजे यानुसार," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आपलं ऑफिस पण तिकडेच आहे."

"असू द्या साहेब," रघुनाथराव म्हणाले. "आपली हजेरी रजिस्टरवर आहे. यंत्रावर फक्त रोजंदारीवाल्यांची."

साहेबांना यातून दिलासा मिळालेला दिसला. त्यांनी उत्तमला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "उत्तम, यंत्र बिघडलं लिहिलं की दाखला खोटा, दाखला खोटा की मी खोटा. माझं प्रमोशन मार्चमध्ये आहे. तुझे नऊ दिवस मी नाही धरू शकत."

"मंग दोनशे एकतीसच राहिले जी?"

साहेबांनी रघुनाथरावांकडे बघितलं. रघुनाथरावांनी चष्मा पुसला. "तेही नाही राहत. हा परवानगीशिवाय देशाबाहेर गेला होता. सेवा खंडित. मागची अकरा वर्षं पण गेली. एक जानेवारीपासून नवीन माणूस म्हणून लावता येईल, ओळखीचा आहे म्हणून. अन् पासपोर्ट नव्हता असं लिहून दे, नाही तर भोपाळवाले तोही मागतील."

उत्तमनं लिहून दिलं. मला पासपोर्ट नाही, कधी नव्हता. अक्षर चांगलं होतं. साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं.

दिवस मावळायच्या आत तो सावरगावला पोचला. कमल दारात बसून होती. त्यानं सगळं सांगितलं, आफ्रिकेपासून पासपोर्टपर्यंत. ती रडली नाही. रुईतले बारके काडीकचरे वेचत राहिली.

"कसं होतं तिथं?" तिनं विचारलं.

"ऊन होतं. संत्री चांगली धरली होती."

"अन् नव्या वर्षाची हजेरी? तेही यंत्रावरच?"

"यंत्रावरच. ते ठीक हाय म्हणून लिवून ठेवलं साहेबानं."

"मंग एक तारखेले सात लिवा. माह्यं ऐका आता."

"म्या विचारलं रघुनाथरावाले. सात लिवू काय म्हणलं. लिव म्हणे. पण वहीत मागं अठरा हायेत. आफ्रिकेतून वापस कोणत्या तारखेले आला, कोणत्या गाडीनं आला, ते आधी लिवा लागते. तिकीट जोडा लागते."

कमलनं हातातली रुई खाली ठेवली आणि विचार केला. तिच्या माहितीत नागपूर आणि इटारसी या दोनच बाजूंच्या गाड्या होत्या.