दारावरची दुसरी ओळ

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मंगरूळपीरमध्ये देवमन इंगोले यांच्या दारावर मी टांगलेली असते. मित्रांनो, माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती सांगण्यासाठीच आज बोलते आहे.

संघपाल पेंटरने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा ठोकून मला घडवले. निळा रंग देऊन वर लिहिले, ‘देवमन इंगोले, एसटी चालक’. खाली एका ओळीची जागा उरली. बरीच वर्षे मी भाड्याच्या खोलीवर होते. पोस्टमन माझ्यावरचे नाव वाचूनच दार ठोठावायचा, आणि मला फार अभिमान वाटायचा.

मग देवमनने हे दोन खोल्यांचे घर घेतले. खरेदीच्या दिवशी अर्जनवीसाने त्याला सांगितले, की घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागते. देवमनने लगेच बायकोचे, रूपाचे नाव घातले. संध्याकाळी मला नव्या दारावर ठोकताना तो शेजाऱ्याला हसत म्हणाला, “गाडीत बायाईले अर्धं तिकीट, आन् कागदावर बी सूट. मजा हाय लेका त्यायची.”

रूपा दारातच उभी होती. ती म्हणाली, “सूट माह्या नावाची घेतली, तं पाटीवर बी माह्यं नाव लिवा. खाली जागा हाय.”

“जयंतीले संघपाल येईन, तवा लिवून घेऊ.”

चौदा एप्रिलची जयंती आली. संघपाल गल्लीत रंगाचे डबे घेऊन फिरला. देवमन म्हणाला, “पुढच्या जयंतीले.”

रूपाला घराची मालकीण म्हणून हाक मारणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे घरपट्टीचे बिल आणणारा हरीओम. त्याच्या कागदावर तिचेच नाव असायचे. “रूपाबाई इंगोले, घरपट्टी,” असे तो रस्त्यावरून ओरडायचा. ती हात पुसत यायची, चष्मा लावायची, सावकाश सही करायची. लोक घरपट्टी आली की तोंड वाकडे करतात. रूपा त्या दिवशी हरीओमला चहा पाजायची.

एकदा ती देवमनला म्हणाली, “समोरच्या खोलीत पोरीईले शिलाई शिकवीन म्हनतो मी. दोन मशिनी बसतात.”

“घरात पोरीईचा बाजार नको मले.”

“घर कोनाच्या नावावर हाय?”

देवमनने जेवता जेवता उष्टा हात दाराकडे केला. “वाच ना दारावर.”

मित्रांनो, तो माझ्याकडे बोट दाखवत होता. सरकारने कर कमी केला, तो घर बाईचे व्हावे म्हणून. या घराने सूट घेतली आणि बाईला मात्र होती तिथेच ठेवले. त्या दिवशी साक्ष मी दिली, आणि ती खोटी होती. रूपाने पुन्हा खोली मागितली नाही, नावही मागितले नाही. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत मात्र राहिली. खालची रिकामी जागा ती जरा जास्त वेळ पुसायची.

गेल्या पावसाळ्यात काविळीने रूपा गेली.

त्यानंतर हरीओम आला. त्याला ठाऊक नव्हते. “रूपाबाई इंगोले, घरपट्टी.” दोनदा ओरडला. देवमन बनियनवर बाहेर आला.

“बाई कुठी गेल्या?”

“गेली.”

हरीओमने हातातल्या बिलाची घडी केली. मग हळू म्हणाला, “अर्ज करा मंग. त्यायचं नाव कमी करावं लागते.”

“कमी करा म्हनते,” देवमन स्वतःशीच बोलला. “जास्त कवा केलं होतं?”

त्याने मला खिळ्यावरून काढले आणि संघपालकडे नेले. संघपालने बोटाने खालची जागा चाचपली. रंग घासून उडाला होता, पत्रा उघडा पडला होता. “हे कोनं घासलं एवढं?” देवमनने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

“नावाआधी कालकथित लिवू?”

“नको. जित्तेपनी लिवलं नाही, आता मेली म्हनून कायले लिवतं? रूपा इंगोले, घरमालक. माह्यापेक्षा मोठ्या अक्षरात.”

आठवड्याने त्यांची लेक सपना अनसिंगहून आली. पायरीवर थांबून तिने मला वाचले. देवमन आतून तिच्याकडे पाहत होता.

“लय मोठं लिवलं, बाबा,” ती म्हणाली. “आईले चष्म्याशिवाय वाचता आलं असतं.”

देवमन खाली बसला. सपनाने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि ती आत गेली.

मित्रांनो, आता मला कोणी रोज पुसत नाही. देवमन पुसायला येतो, पण फडके हातात धरून उभाच राहतो. तुमच्या घराच्या कागदावर आईचे नाव असेल, तर आज घरी जाऊन दारावरची पाटी बघा. नाव नसेल तर खडूने लिहा, वेडेवाकडे लिहा, पण ती वाचू शकते तोवर लिहा. आणि एखादी खोली तिने मागितली, तर पाटीकडे बोट दाखवू नका.