बारीक दळण

"ऐका हो, ऐका. चक्कीवाल्या ओतिलियाबाईंना ओआहाका शहराहून फोन आहे. मोठ्या दवाखान्याच्या एचआयव्ही विभागातून. ओतिलियाबाई, तुम्ही बरेच दिवस गोळीचं उत्तर दिलेलं नाही, तिकडं काळजीत आहेत. पुन्हा सांगते."

आणि एर्मेलिंदानं पुन्हा सांगितलं. फोनघराच्या छपरावरचा तिचा कर्णा पार ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जातो.

सकाळची वेळ, चक्कीपुढे बादल्यांची रांग. चुन्यात उकळलेला मका दळून न्यायचा आणि घरी जाऊन तोर्तिया भाजायच्या, गावाचा दिवस असाच सुरू होतो. दोन्या रेफुखिओची बादली मी ओतणार, तेवढ्यात म्हातारीनं बादलीची कडी धरली.

"राहू दे आज. मका कच्चा राहिलाय वाटतं."

"चांगला शिजलाय की. साल सुटतंय."

"राहू दे म्हटलं ना."

मग बाकीच्यांनाही एकेक आठवायला लागलं. कुणाची चूल पेटती राहिली होती, कुणाचं लेकरू रडत होतं. जिच्या घरात लेकरू नाही तिचंही रडत होतं. बघता बघता अंगण रिकामं झालं. दगड कोरडे फिरले तर झिजतात, म्हणून मी चक्की बंद केली आणि उतारानं खाली निघाले.

माझा नवरा अबुंदिओ उत्तरेला टोमॅटोच्या मळ्यांत राबायला गेला होता. येताना हा आजार घेऊन आला, मला दिला आणि मरून मोकळा झाला. गावाला आम्ही छातीचं दुखणं सांगितलं. दवाखान्यातल्या पोरीनं माझ्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. वरून पाककृतींचं वाटावं असं, चित्रसुद्धा रश्श्याच्या वाडग्याचं. आत आजाराची सगळी माहिती, आणि रोज एक प्रश्न, आज गोळी घेतली का? "कुणाला काही कळणार नाही हं," असं गोड हसून म्हणाली होती. आमच्याकडे इंटरनेट फक्त फोनघराबाहेरच्या बाकावर मिळतं आणि तिथं अर्धं गाव मांडीला मांडी लावून बसतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तरी मी बसायचे. रश्श्याची कृती वाचतेय असं तोंड करायचे आणि 'हो' दाबायचे. मग वीज पडून अँटेना जळाली. उत्तर जाईना, तेव्हा त्यांनी, मी अडीअडचणीला म्हणून दिलेल्या नंबरावर फोन केला. तो नंबर फोनघराचा. मोबाइलला इथं रेंज नाही, गावात दुसरा फोन आहे कुठे?

एर्मेलिंदा दारातच उभी होती. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी मांडीवर घेतलंय, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, सख्ख्या बहिणींसारख्या. आज तिनं रिसीव्हर फडक्यात धरून माझ्यापुढे केला.

"सेन्योरा, गोळ्या बंद केल्यात का?" दवाखान्यातली पोर विचारत होती.

"गोळ्या चालू आहेत. गिऱ्हाईक बंद झालंय."

"म्हणजे?"

"फोन कुठून म्हणून काय सांगितलंस या फोनवाल्या बाईला?"

"त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. पण तुमची माहिती आमच्याकडे अगदी गुप्त असते, सेन्योरा."

मी रिसीव्हर ठेवला. तिला शिव्या द्यायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या.

"माझ्यावर डोळे वटारू नकोस, कोमाद्रे," एर्मेलिंदा म्हणाली. "फोन कुठून ते सांगितल्याशिवाय इथं कोण टेकडी उतरतं? नाही सांगितलं तर मलाच भांडतात." हे खोटं नव्हतं. बँकेचं नाव कर्ण्यावर आलं की निम्मं गाव घरी नसतं. "आणि मला आधी सांगायला तुझी जीभ झडली होती? इतकी वर्षं तुझ्या हातचं पीठ खातोय आम्ही."

"म्हणून मेलीस का?"

ती फडक्यानं रिसीव्हर पुसायला लागली.

"कर्णा चालू कर," मी म्हटलं.

अ‍ॅपमधलं ते पान मी मोबाइलमध्ये उतरवून ठेवलं होतं. तेच वाचलं. हा आजार पिठातून लागत नाही. भांड्यातून नाही, हातातून नाही, एका बाकावर बसल्यानं नाही. रोज गोळी घेतली की रक्तात इतका कमी उरतो की मशीनलाही सापडत नाही. शेवटी माझ्या पदरचं घातलं, "उद्या चक्की नेहमीच्या वेळेला सुरू होईल. फोनघरातला रिसीव्हर फडक्याशिवाय धरला तरी चालतो."

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायका पलीकडच्या गावापर्यंत बादल्या वाहू लागल्या, पण माझ्या अंगणात पाऊल टाकेनात. आठवडा उलटल्यावर एर्मेलिंदा आली. तिनं बादली खाली ठेवली.

"दळ. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."

मला हुंदका आला. तो चक्कीच्या आवाजात गेला म्हणून बरं. त्या क्षणी मी तिला सगळं माफ केलं. मग ती रोज येऊ लागली, एकटीच.

अँटेना दुरुस्त झाली तशी मी बाकावर जाऊन बसले. मला बघून होते नव्हते ते उठून गेले. सगळं इंटरनेट माझं एकटीचं. इतक्या झटपट 'हो' कधीच गेलं नव्हतं. मोबाइल पिशवीत टाकून उठले तर फोनघरामागून एर्मेलिंदाच्या डुकरांची घुरघुर ऐकू आली, म्हणून कोपऱ्यावरून डोकावले. त्यांच्या कुंडात पीठ होतं. माझं दळण मी कुठेही ओळखते. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ, सकाळचंच. बादली जशीच्या तशी उपडी केलेली.

मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मेलिंदा बादली घेऊन हजर.

"कसं दळू?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? नेहमीसारखं. बारीक." तिची नजर माझ्याकडे नव्हती, चक्कीच्या पट्ट्याकडे होती.

डुकरांना भरड चालते. मी चक्कीचे दगड आवळले आणि तिला तोर्तियांचं पीठ दळून दिलं.