रेडियमवाल्याचा मोर

"हे बघा, धनराजभाऊ, सकाळपासून चालू ठेवलाय. एकदाही बंद पडला नाही," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भारत म्हणाला.

त्याच्या टेबलावर धनराजचा कॉम्प्युटर एका बाजूने उघडा होता आणि शहाण्या मुलासारखा चालत होता.

"माझ्या गाळ्यात चहा संपेपर्यंत टिकत नाही रे! हात लावला तर चटका बसतो."

"पंखा बदलला, पॉवर सप्लाय बदलला. आता काय बदलू? तुमच्या गाळ्याच्या छपराचा पत्रा तापतो, त्याचंच काहीतरी आहे."

"तुझं दुकान काय महाबळेश्वरला आहे का?" असं म्हणून धनराजने तो डबा उचलला आणि रिक्षात ठेवला. मे महिन्यातली ही तिसरी खेप होती.

गंगापूर रोडच्या एका गल्लीत त्याचा गाळा होता. अर्ध्या रस्त्याचे बोर्ड एकेकाळी त्याच्याच ब्रशने रंगवलेले. मग फ्लेक्स आले आणि एकेक करून ते बोर्ड भंगारात गेले. धनराजने वर्षभर फ्लेक्सला शिव्या घातल्या आणि शेवटी, दोन हजार तीन सालच्या पाडव्याला, मुकाट्याने कॉम्प्युटर आणि रेडियम कापायचं मशीन आणलं. गाड्यांवर चिकटवायची अक्षरं आता तो त्यावर कापायचा. माऊस मात्र ब्रशसारखाच बोटांच्या टोकांत धरायचा.

पण पेंटर तो पेंटरच. पांढराफटक डबा त्याला बघवेना. त्याने डब्याच्या बाजूचा पत्रा काढला, लांबीची पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासून घासून आरशासारखा केला, त्यावर एक भोक की ओरखडा राहू दिला नाही. मग इनॅमलमध्ये मोर काढला, पिसारा फुलवलेला. त्याची आई येवल्याची. तिच्या पैठणीच्या पदरावरचा मोर त्याच्या हातात होता. रंग असा उतरला की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. या पत्र्याला तो इतका जपे की कॉम्प्युटर भारतकडे नेताना मोर काढून, चादरीत गुंडाळून गाळ्यातच ठेवायचा. भारतच्या टेबलावर कशावर काय आपटेल याचा नेम नव्हता.

घरी मोहिनी ब्लाउज शिवून संसार ओढत होती. तिचाही धीर सुटत चालला होता.

"सोमवारी दिनेश येतोय गाळा मोजायला," तिने सांगून टाकलं होतं. दिनेश तिचा धाकटा भाऊ. त्याला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. "त्या रिक्षावाल्या भिमाजींच्या शाळेच्या रिक्षांवरच्या अक्षरांचं काम तोवर झालं तर गाळा तुमचा. नाहीतर कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा आहे, ती धरा. मी थकले हो."

ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. वॉचमनच्या टोपीत त्याला स्वतःचं डोकं दिसेना.

रविवारी दुपारी त्याने घाईघाईने वायरी जोडल्या आणि कामाला बसला. रेडियममधून अक्षरं सुटू लागली. मोहिनी चहा घेऊन आली. बराच वेळ ती उभीच राहिली.

"अहो, हा बंद नाही पडला अजून?"

धनराजने कप खाली ठेवला. खरंच की. आज काय वेगळं होतं? त्याची नजर कोपऱ्यातल्या चादरीकडे गेली. घाईत मोर लावायचाच राहिला होता.

त्याने चादर सोडली, पत्रा बसवला आणि चहा परत तोंडाला लावला. कप संपायच्या आत पडदा काळा झाला.

"मीच!" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "त्या पत्र्याला वारा घ्यायला भोकं होती गं. डाग समजून मीच लांबीने बुजवली! भारतकडे मोर जायचाच नाही, मग तिथे कशाला तापेल?"

मोहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"राहू द्या मग उघडाच."

"उंदीर वायरी खातील."

शेजारच्या वेल्डिंगवाल्या वाल्मीककडून त्याने ड्रिल आणलं. पत्रा मांडीवर घेतला आणि पिसाऱ्यातल्या एका डोळ्यावर टोक टेकवलं.

"अहो नका. जीव तुटतो बघून."

पहिल्या भोकाला इनॅमलचा टवका उडाला. आपल्या हाताचं सगळ्यात चांगलं काम आपणच भोसकतोय, या विचाराने त्याला भरून आलं. मग त्याने दुसऱ्या डोळ्यावर टोक ठेवलं, मग तिसऱ्या. पिसाऱ्यातला एकही डोळा सोडला नाही.

पत्रा बसवला. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला आणि सोमवारी सकाळी पुन्हा चालू झाला.

दिनेश आला तेव्हा गल्लीत रिक्षांची रांग लागली होती आणि भिमाजी स्वतः रेडियम पुसून पुसून बसवत होते. दिनेशला वाटलं, जुनं काम उरकणं चाललंय. तो आत शिरला, टेप ताणत कॉम्प्युटरपाशी जाऊन उभा राहिला.

"दाजी, हे जरा सरकवता का? भिंत मोजून घेतो."

धनराज पडद्यावर पुढची अक्षरं लावत होता.

"टेप गुंडाळ, दिनेश," दारातून मोहिनी म्हणाली. "आणि तिथून बाजूला हो. मोराला वारा लागू दे."