उजवीकडचा मागचा स्पीकर

फेलिक्स लोबोने तीस वर्षं मालवणच्या एसटी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. आचरा, कुडाळ, कणकवली, देवगड, सगळ्या. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला स्वतःलाच धड ऐकू येईना. डावा कान तर गेल्यातच जमा होता. टीव्हीचा आवाज तो इतका वाढवून ठेवी, की शेजारच्या सुभद्राला तिच्या पडवीत बसून मालिका कळत असे. तरी फेलिक्सची तक्रार होतीच. या नव्या चपट्या टीव्हीतली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणायचा.

त्याचा मुलगा क्लाइव्ह मस्कतला असतो. ऑक्टोबरात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला, तो साउंडबारचा भलामोठा खोका घेऊनच. बाजारातल्या दुकानातून दत्तप्रसाद जोडायला आला. टीव्हीखाली लांब पट्टी, कोपऱ्यात धमधम करणारी पेटी आणि फेलिक्सच्या आरामखुर्चीच्या मागे दोन छोटे स्पीकर, डावा खिडकीच्या फळीवर आणि उजवा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, कपाटावर.

"पाठसून कित्याक?" फेलिक्सने विचारलं.

"अंकल, पाऊस पडलो तर तो चारी बाजूंन पडता ना? तसा," दत्तप्रसाद म्हणाला. "जुन्या कॅसेटीतलो आवाज पण ह्या वाटून टाकता. समोरचो समोर, आजूबाजूचो मागे."

पहिले दोन दिवस फेलिक्स सारखा मान वळवत होता. मालिकेत दाराची बेल वाजली, की उठून दार उघडायचा. क्लाइव्ह हसून हसून बेजार झाला. मग सुट्टी संपली, आणि जाताना तो एक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून गेला. नेव्हिलमामाच्या लग्नाची कॅसेट त्याने म्हापशात त्यावर उतरवून घेतली होती. नेव्हिल म्हणजे फेलिक्सच्या बायकोचा, कार्मेलिनाचा, धाकटा भाऊ. लग्न दोन हजार तीनच्या मे महिन्यातलं. दोन हजार पाचमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, कार्मेलिना स्तनाच्या कॅन्सरने गेली.

ती कॅसेट फेलिक्सने पूर्वी खूपदा पाहिली होती. तीत कार्मेलिना दिसायची, पण बोलायची नाही. चर्चच्या पायऱ्यांवर निळ्या साडीत उभी राहून कॅमेऱ्याला नको नको म्हणत हात हलवायची. बाकी सगळा बँडचा गोंगाट. तिच्या आवाजाचं असं घरात काहीच उरलं नव्हतं. चार-पाच वर्षांनी तो आवाज त्याच्या आठवणीतूनही गेला. चेहरा आठवे, चालणं आठवे, आवाजाच्या जागी मात्र काहीच येत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मिसा करून आला, जेवला आणि दुपारी त्याने कॅसेट लावली. लग्नाच्या आदल्या दिवशीचा रोस चालला होता. नवऱ्याला नारळाचा रस फासतात, तो. समोरून बँड, बायकांची गाणी. कॅमेरा नेव्हिलवर. आणि फेलिक्सच्या पाठीमागून, उजवीकडून, स्वयंपाकघराच्या दारापाशी उभं राहून बोलावं तसं कुणीतरी म्हणालं,

"फेलिक्साक सांगू नको."

तो ताडकन उठला. दारात कुणी नव्हतं. मोरीत त्याचं जेवलेलं ताट होतं, त्यावर एक माशी. आतमध्ये सगळं होतं तसंच होतं, पण त्याच्या हातावर काटा आला होता आणि तो जाईना. वीस वर्षांनी तो आवाज त्याने क्षणात ओळखला होता.

त्याने मागे नेऊन परत लावलं. मग परत. जुन्या टीव्हीत बँडखाली दडपून गेलेलं बोलणं या मागच्या स्पीकरने वेगळं काढून त्याच्या कानाशी आणून ठेवलं होतं. तरी ते तुकड्यातुकड्यांनीच कळे. तीन दिवस लागले. रोज दुपारी जेवण झालं, की तो खुर्चीत बसे, डोळे मिटी आणि उजवा कान मागे करी. बुधवारी सगळं लागलं.

"आधी तांदळाएवढी होती. आता सुपारीएवढी झाली गो, सबीना. लगीन होवंदे, पाऊस होवंदे, मगे बघतलंय. फेलिक्साक सांगू नको. तो घाबरता."

मग बँड चढत जाई, आणि शेवटी कार्मेलिना हसे.

सबीना म्हणजे तिची मोठी बहीण.

फेलिक्स बसल्या जागी हिशेब लावत राहिला. मे महिना. त्याला कार्मेलिनाने गाठीचं सांगितलं ते पुढच्या जानेवारीत. स्टँडवर वरिष्ठांची तपासणी चालली होती म्हणून त्याने बारा दिवस घालवले आणि मग तिला गोव्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, गाठ कधीपासूनची? ती म्हणाली, महिनाभर झाला. डॉक्टरने नुसती मान हलवली होती. ते बारा दिवस फेलिक्सने आजवर उराशी बाळगले होते. फादरसमोर कबूल केले, तरी गेले नव्हते. आणि आता हे आठ महिने, तिने लपवलेले. त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. 'तो घाबरता' हे दोन शब्द त्याच्या छातीत जाऊन बसले. नवरा म्हणून आपण बायकोला असे दिसत होतो.

त्यानंतर घर बदललं. टीव्ही बंद असला, तरी फेलिक्स खुर्चीत बसला की मागे कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटे. चाहूल अशी काही नाही. नुसतं, माणूस असलेली जागा आणि नसलेली जागा यांत जो फरक असतो, तो. त्याने वळून बघणं सोडून दिलं. वळलं, की ते जाई. जेवण त्याने स्वयंपाकघरातून उचलून खुर्चीत आणलं. सकाळी समुद्रावर फिरायला जायचा, ते थांबलं. क्लाइव्हचा फोन आला तर, "बरो आसंय, आवाज बरो येता," एवढंच सांगे.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्याचा खुर्चीतच डोळा लागला. जाग आली ती दारावरच्या थापेने. शेजारची सुभद्रा मोठं पातेलं घेऊन उभी होती, दिवाळीला नेलेलं. ती खारेपाटणची, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आलेली.

"अंकल, उठलास? मघाशी येवन गेलंय मी."

"हाक मारूची."

"मारलंय ना. आतून त्या म्हणाल्यो, तो निजलो आसा, मागसून ये. म्हणान गेलंय." ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती. "पावणी इली हत काय? ग्लेनिशाची आई?"

ग्लेनिशा म्हणजे क्लाइव्हची बायको. तिची आई वसईला असते आणि गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही.

"कसो होतो आवाज?" फेलिक्सने विचारलं.

"कसो म्हणजे? बायमाणसाचो. जरा बसलेलो." सुभद्राने पातेलं त्याच्या हातात दिलं. त्याचा चेहरा पाहून ती निघाली. अंगणातून जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

शेवटच्या वर्षी कार्मेलिनाचा आवाज बसला होता. सुभद्राला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

फेलिक्स टीव्हीपाशी गेला. पडदा काळा होता. भिंतीवरचं बटण त्यानेच जेवणाआधी बंद केलं होतं, ते बंदच होतं. त्याने दत्तप्रसादला फोन लावला.

"बटण बंद आसताना ह्या बोलता काय रे?"

"लाइटच नाय तर कसा बोलतला, अंकल? काय झाला?"

"काय नाय," म्हणून फेलिक्सने फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मिठबावला, सबीनाकडे गेला.

सबीना आता बहात्तर वर्षांची. नवरा वारलेला, मुलगी गोव्यात. अंगणात कोकमाच्या झाडाखाली ती कोळंबी, म्हणजे सुंगटं, निवडत बसली होती. त्याला पाहून तिला आनंद झाला, पण तो बसला नाही.

"सबीना, कार्मेलिनाची गाठ तुका आधीपासून म्हायत होती?"

तिचे हात थांबले. तिने नाही म्हटलं नाही.

"कोणी सांगल्यान तुका?"

"तिनाच," फेलिक्स म्हणाला. "नेव्हिलाच्या रोसाच्या दिवसाचा बोलणा. कॅसेटीत आसा." मग त्याचा आवाज चढला. "बावीस वर्सां तू माझ्या घरात येतंस, जेवतंस. एक शब्द सांगूक नाय माका."

"सांगूक इल्लंय," सबीना म्हणाली.

"कधी?"

"त्याच वर्सा, चवथीक. स्टँडार." ती सुंगटांकडे बघूनच बोलत होती. "मुंबयकरांची ही गर्दी. तू काचेच्या मागे, माइकार. मी काचेर टकटक केलंय. तू हात वर केलंस, थांब म्हणान. मी थांबलंय. दोन तास थांबलंय, फेलिक्स. मगे आचऱ्यावरसून मिठबाव गाडी लागली. तूच पुकारलंस. माका वाटला, देवाच्याच मनात नाय. आणि मी गाडयेत बसलंय."

फेलिक्स आठवून पाहू लागला. चतुर्थीची गर्दी आठवली, घसा सुकलेला आठवला, काचेवर टेकलेले शेकडो तळवे आठवले. सबीना आठवली नाही. त्या दिवशी आपण तिला पाहिलं होतं की नुसता हात वर केला होता, हेसुद्धा त्याला सांगता येईना.

"परत कित्याक इलंस नाय?" त्याने विचारलं, पण आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मारिये सायबिणीसमोर शपथ घातल्यान होती तिना माका. ती मोडूचो धीर एकदाच झालो. तुझ्यावर राग काढून मी इतकी वर्सां काढलंय. खोटा कित्याक सांगू?"

तो पायरीवर बसला. सबीनाने सुंगटांचं भांडं झाकलं, हात धुतले आणि त्याला पाणी आणून दिलं. फेलिक्सने ते पिऊन तांब्या खाली ठेवला.

"ती म्हणता, तो घाबरता," फेलिक्स म्हणाला.

"घाबरलेली तीच. आमची आई तसलीच गेली होती. तू डॉक्टराकडे व्हरतलस म्हणान तुका सांगूक नाय. तुझा फक्त नाव."

मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "माका ऐकवशीत?"

दुपारच्या गाडीने दोघं मालवणला आली. घरात शिरताना सबीना उंबऱ्यावर क्षणभर थांबली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली, कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. फेलिक्सने तिला आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसला. कॅसेट सुरू झाली. बँड आला, नेव्हिल आला. मग मागून कार्मेलिना बोलली. सबीनाने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तिने मान वळवली नाही. कार्मेलिनाचं बोलणं संपलं, बँड चढला आणि सबीना एकदम डावीकडे, खिडकीकडे बघू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झाला?"

"माझो आवाज." ती म्हणाली. "थंयसून. तुका नाय येवक?"

ती त्याच्या बहिऱ्या कानाची बाजू होती.

"काय म्हणतंस तू?"

"मी म्हणतंय, मी सांगतलंय त्येका. आज नाय तर उद्या, सांगतलंय." सबीनाने पदराने तोंड पुसलं. "आणि मगे ती हसता. ऐक. माझा तिका खराच वाटूक नाय."

फेलिक्सने ते हसू तीन दिवस ऐकलं होतं. आपल्यालाच हसते आहे, असं त्याला वाटलं होतं.

त्याने परत लावायला रिमोट उचलला. सबीनाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुरे आता. बंद कर."

त्याने टीव्ही बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं. मग खाली वाकून प्लगही काढला आणि वायर गुंडाळून टीव्हीवर ठेवली. सबीना म्हणाली, आज मी राहते. तिने भात घातला, सोबत आणलेल्या सुंगटांचं तिखलं केलं. फेलिक्स कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवला. तिने त्याला स्टँडबद्दल काही विचारलं नाही. त्यानेच म्हटलं, "दोन तास थांबवलंय मी तुका." ती म्हणाली, "थांबवलंस." एवढंच. माफ केलं असं तिनेही म्हटलं नाही, पण त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दिवेलागणीला कपेलातली, जवळच्या छोट्या चर्चची, घंटा झाली. सबीनाने पिशवीतून जपमाळ काढली आणि भिंतीवरच्या अल्तारासमोर, क्रूसापुढे, मेणबत्ती लावली. कार्मेलिना गेल्यापासून त्या घरात कुणी तेर्स म्हटला नव्हता. एकट्याने कसला म्हणायचा? एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पुरा करायचा, अशी ती प्रार्थना. सबीना पुढे गुडघ्यांवर बसली, फेलिक्स तिच्या मागे, गुडघे दुखत होते म्हणून खुर्चीत.

"नमान मारिये," सबीनाने सुरू केलं. अर्धं झालं, तिने श्वास घेतला. फेलिक्सने उरलेलं अर्धं धरलं. शब्द त्याला आठवत होते. दुसरा मणी, तिसरा मणी. चौथ्या मण्याला फेलिक्स बोलू लागला, आणि त्याच्या मागून, उजवीकडून, त्याच्याबरोबरच आणखी कुणीतरी बोलू लागलं. किंचित मागे पडत, बसलेल्या आवाजात, शब्द न चुकवता.

सबीनाची बोटं मण्यावर थांबली. तिच्या मानेवरच्या केसांची बट मेणबत्तीच्या उजेडात थरथरताना फेलिक्सला दिसली. तिने वळून पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नाही. तो आपला बोलत राहिला, थोडं हळू, म्हणजे मागच्याला गाठता यावं.

मग सबीनाने पाचवा मणी धरला. तिघांनी मिळून सगळा तेर्स पुरा केला.