ओल्या लाकडावरचं वॉर्निश

पाव तास झाला, म्हातारा सुतार दोन डबे आळीपाळीनं उचलत होता. एकात चकचकीत वॉर्निश, दुसऱ्यात लाकडात मुरणारं तेल.

"काका, डब्यांचं वजन पाठ झालं असेल आता," दुकानवाली म्हणाली. मग हळूच, "पण तुम्ही तरी आलात. बोटवाले हल्ली इकडे फिरकतच नाहीत."

का फिरकत नाहीत, ते सुताराला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या जावयाच्या बोटीचा सागवानी कठडा मोडला आणि जावई धक्क्यावर आपटला. कंबरेचं हाड जुळलं, पण पाय ओढत चालणं काही सुटलं नाही. मुलीनं बंदरभर सांगितलं, दुकानवालीचं वॉर्निश भेसळीचं होतं. सुतार मूग गिळून बसला.

दोन्ही डबे घेऊन तो कारखान्यात आला. नवा कठडा लाकडी घोडीवर आडवा ठेवला होता, मुलगी त्यावर पॉलिशपेपर घासत होती. जावई काठी टेकून स्टुलावर बसला होता.

"मामा, यंदा कुठलं?" त्यानं विचारलं.

"तेल. दर सहा महिन्यांनी लावावं लागेल, पण ओल कोंडत नाही."

"आणलंत कुठून? त्या चोरटीकडून?" मुलगी म्हणाली.

सुतारानं डबे खाली ठेवले. "ती चोर नाही. वॉर्निश चांगलं होतं. गेल्या वर्षी मी कठडा केला तेव्हा लाकूडच ओलं होतं. आठवडाभर सुकवायचं, तर मी तिसऱ्या दिवशीच हात मारला. वरून आरसा, आतून कूज."

पॉलिशपेपर थांबला.

"तुला बोट लवकर पाण्यात हवी होती..."

"माझ्यावर ढकलू नका, बाबा! ओलं आहे म्हणाला असतात तर थांबले नसते मी?"

खरंच होतं ते. चाळीस वर्षं सुतारकी करूनही त्याला 'थांब' म्हणता आलं नव्हतं, लेकीसमोर हात संथ झालेत असं दिसू नये म्हणून.

जावयानं काठी बाजूला ठेवली. "मामा, दोन महिने मी त्या बाईच्या नावानं बोटं मोडली. आधी तिच्याकडे जा."

सुतार गेला. दुकानवालीनं सगळं ऐकलं, आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बोटवाल्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो बोटीबोटीवर फिरला. कुणी मान हलवली, कुणी तोंडावर म्हणालं, "साठी बुद्धी नाठी." एकानं ठरलेलं काम काढून घेतलं. त्या आठवड्यात दोघं-तिघं दुकानात परतले, बाकीचे नाहीत.

मुलीनं कठडा दहा दिवस सुकू दिला आणि बोटीवर बसवून तेल स्वतःच लावलं. बापाला बोलावलं नाही. तो धक्क्याच्या टोकाला उभा राहून बघत होता. तिचा हात बरोबर चालत होता, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. एका सांध्याशी तेल कमी पडलंय असं त्याला वाटलं. हाक मारावी की नाही, ते मात्र त्याला कळेना.